पिचर घेताना ॲक्शन बघायची, वेग बघायचा की एमआरआय?

टेक्सासतात्या

नमस्कार मंडळी. धागा बेसबॉलचा आहे, त्यामुळे चार लोक आले तरी गर्दी झाली असं समजेन.

डॅलसजवळ राहतो. आम्हा मित्रांची बारा टीमची फॅन्टसी लीग आहे, तीही कीपर पद्धतीची. म्हणजे घेतलेला खेळाडू पुढच्या मोसमातही आपल्याकडे ठेवता येतो. इथे चुकलं की दोन-तीन वर्षं निस्तरत बसावं लागतं. परवा एका मित्राने सौदा पुढे केला: माझा शॉर्टस्टॉप त्याला (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक; साधाच आहे, पण वर्षाला दीडशे सामने खेळतो) आणि त्याचा टायलर ग्लासनाउ मला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ग्लासनाउ म्हणजे सहा फूट आठ इंचांचा ताडमाड पिचर, म्हणजे बेसबॉलमधला गोलंदाज. हात इतका पुढे येऊन चेंडू सुटतो की फलंदाजाला वाटावं, हा निम्म्या अंतरावरूनच टाकतोय. २०२१ मध्ये कोपराची टॉमी जॉन झाली. २०२३ च्या डिसेंबरात लॉस एंजेलिस डॉजर्सनी त्याला टॅम्पाकडून उचललं आणि पाच वर्षांसाठी १३.६५ कोटी डॉलरचा करार केला. २०१६ पासून मोठ्या लीगमध्ये (मेजर लीग) आहे, पण एका मोसमात १३४ इनिंगच्या (एका सामन्यात अशा नऊ असतात) वर कधीही गेलेला नाही. २०२५ मध्ये खांद्याने दोन महिन्यांहून जास्त घरी बसवलं. आणि त्याच वर्षी वर्ल्ड सिरीजच्या (लीगच्या अंतिम मालिकेच्या) सहाव्या सामन्यात शेवटच्या इनिंगला येऊन पठ्ठ्याने तीन चेंडूंत तीन बाद काढून सामना संपवला!

मला वाईट अनुभव जवळचाच आहे. आमच्या टेक्सास रेंजर्सनी डिसेंबर २०२२ मध्ये जेकब डीग्रॉमला पाच वर्षांसाठी १८.५ कोटी डॉलर दिले. सहा सामने टाकले आणि जून २०२३ मध्ये त्याची दुसरी टॉमी जॉन झाली. माझ्याही टीममध्ये तोच होता, तेव्हा रडलो ते दोनदा. पण गंमत बघा: त्याच वर्षी रेंजर्स त्याच्याविना वर्ल्ड सिरीज जिंकले, आणि २०२५ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, त्याने पूर्ण ३० सामन्यांत सुरुवात केली. मग तो करार चांगला की वाईट? अजून ठरवता येत नाहीये.

तर प्रश्न असा: पिचर घेताना काय बघता? जुनी दुखणी, ॲक्शन, वेग, की नुसता भाव?

गुगलीवाला

नाशिकहून वाचतोय, बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. प्राथमिक शंका: टॉमी जॉन हा माणूस आहे की ऑपरेशन?

फिजिओ_बॉस्टन

@गुगलीवाला, दोन्ही. टॉमी जॉन हा डॉजर्सचा डावखुरा पिचर. १९७४ मध्ये कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट (दोन हाडांना बांधून ठेवणारा पट्टा) फाटलं. तेव्हा त्याचा अर्थ होता, उद्यापासून दुसरी नोकरी शोधा. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या दुसऱ्या हाताच्या मनगटाकडची एक कंडरा काढली (ती नसली तरी आपलं काही अडत नाही, कित्येकांना ती जन्मतःच नसते) आणि हाडांना भोकं पाडून लिगामेंटच्या जागी ओवली. दीड वर्षाने तो परत आला आणि त्यानंतर १६४ सामने जिंकला. तेव्हापासून ऑपरेशनला त्याचं नाव.

आता कोपर का दुखतं, ते. पिचरचा पुढचा पाय जमिनीला टेकतो, धड वळायला लागतं, पण हात अजून मागेच असतो. एका क्षणाला कोपरापासून पुढचा हात जवळजवळ आडवा पडतो, तळवा आकाशाकडे. तिथून तो पुढे फिरतो तो सेकंदाला ७,००० अंशांच्या आसपास वेगाने. खेळांमध्ये मोजलेल्या सर्वांत वेगवान हालचालींपैकी ही एक. बर्मिंगहॅम, अलाबामाच्या प्रयोगशाळेत हे वर्षानुवर्षं मोजलं गेलंय. त्या क्षणी कोपरावर येणारा पीळ, सुटं लिगामेंट चाचणीत जिथे तुटतं, त्याच्याही वर जातो.

मग प्रत्येक चेंडूला ते तुटत का नाही? कारण आजूबाजूचे स्नायू भार उचलतात. म्हणून मी ॲक्शनपेक्षा आधी थकवा बघते. स्नायू दमले की सगळं लिगामेंटच्या गळ्यात.

अवांतर: क्रिकेटमध्ये कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ करता येत नाही, म्हणून आपले वेगवान गोलंदाज कोपराने कमी आणि पाठीने जास्त जातात. इथे कोपर, तिथे कंबर. देवाने कुठेतरी वसुली ठेवलेलीच आहे.

गुगलीवाला

वा, आत्ता कळलं. मग तात्या, तुमचा सौदा म्हणजे आमचा जोफ्रा आर्चर की हो! २०२२ च्या लिलावात मुंबई इंडियन्सनी आठ कोटी मोजले, तो त्या वर्षी खेळणार नाही हे माहीत असून. म्हटलं, पुढच्या वर्षी बुमराह आणि आर्चर जोडीने टाकणार. पुढच्या वर्षी बुमराह पाठीच्या ऑपरेशनमुळे बाहेर आणि आर्चर पाच सामने खेळून, दोन बळी घेऊन परत. जोडी आम्ही फक्त पोस्टरवर पाहिली.

शिकागोचा_सदूकाका

तात्या, ॲक्शन बघून पिचर घेणाऱ्यांना मी एकच नाव सांगतो आणि गप्प बसतो. मार्क प्रायर.

(गप्प बसत नाही.) २००१ मध्ये आमच्या शिकागो कब्जनी त्याला नव्या खेळाडूंच्या निवडीत दुसऱ्या क्रमांकावर घेतला. तेव्हा जो तो म्हणायचा, याची ॲक्शन म्हणजे पाठ्यपुस्तक. पायांच्या पोटऱ्या बघा, खांदे बघा, हा मोडणारच नाही. २००३ मध्ये १८ विजय, २४५ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज), ई.आर.ए. (दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, कमी तितकं चांगलं) २.४३. त्या वर्षी प्लेऑफच्या सहाव्या सामन्यात ३-० ने पुढे होतो, वर्ल्ड सिरीजला पाच बाद कमी, आणि माउंडवर (पिचरच्या जागी) प्रायर. पुढचं ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. मी सिगारेट सोडली होती ती त्या रात्री पुन्हा धरली.

२००६ नंतर तो मोठ्या लीगमध्ये एकही चेंडू टाकू शकला नाही. वय तेव्हा पंचवीस. पंचवीस!

आणि मग तेच विद्वान उलटे फिरले. म्हणे, त्याच्या ॲक्शनमध्ये ‘उलटा डब्ल्यू’ होता: हात मागे नेताना दोन्ही कोपरं खांद्याच्या वर आणि पंजे खाली लोंबलेले. त्यामुळे पाय टेकतो तेव्हा हात उशिरा वर येतो आणि खांद्यावर ताण. आधी का नाही दिसला हा डब्ल्यू? १८ सामने जिंकताना तो काय एम होता?

आकडेमोड

काका, +१, पण अर्धाच. उलट्या डब्ल्यूचं दुसरं टोक म्हणजे क्रिस सेल. काडीपैलवान, हात गोफणीसारखा बाजूने, कोपरं वर. २०१० मध्ये व्हाइट सॉक्सना तो तेराव्या क्रमांकावर मिळाला, आणि अनेकांनी सांगितलं होतं की दोन वर्षांत मोडेल. मोडला, पण २०२० मध्ये. त्याआधी दहा वर्षं लीग गाजवली. मग अटलांटाने २०२३ च्या अखेरीस त्याला एका तरुण इनफिल्डरच्या (बेसजवळच्या क्षेत्ररक्षकाच्या) बदल्यात बॉस्टनकडून घेतलं, आणि २०२४ मध्ये १८ विजय, ३ पराभव, ई.आर.ए. २.३८, साय यंग (सर्वोत्तम पिचरचा) पुरस्कार. पस्तिसाव्या वर्षी.

टिम लिन्सेकम घ्या. पाच फूट अकरा इंच, ॲक्शन सर्कशीतली. २००६ मध्ये नऊ टीमनी त्याला सोडून दुसरे निवडले. २००८ आणि २००९, लागोपाठ दोन साय यंग. त्यानंतर लवकर उतरला हेही खरं, पण तेवढ्यात सॅन फ्रान्सिस्कोचे पैसे वसूल झाले होते.

म्हणजे नुसत्या डोळ्याने ॲक्शन बघून कोण मोडेल हे सांगणं म्हणजे हस्तरेषा बघण्यासारखं. वेगाचं तसं नाही. २००८ मध्ये मोठ्या लीगमधल्या फास्टबॉलचा सरासरी वेग ताशी ९१.३ मैल होता, २०२४ मध्ये ९४.२. त्याच डिसेंबरात मेजर लीगने स्वतःच पिचरांच्या दुखापतींवर अहवाल काढला: पिचर इंजर्ड लिस्टवर (जखमी खेळाडूंच्या यादीवर) जाण्याच्या घटना २००५ मध्ये २१२, २०२४ मध्ये ४८५. कारणं त्यांनी जी दिली त्यात वेगाचा ध्यास, चेंडू जास्तीत जास्त वळवण्याचा अट्टहास आणि प्रत्येक चेंडू सगळा जोर लावून टाकणं हीच पुढे आहेत. पूर्वीचा पिचर सातव्या इनिंगसाठी दम राखून ठेवायचा. आताच्याला सांगतात, पाच इनिंग जीव तोडून टाक, मागे आठ जण बसलेत.

शिकागोचा_सदूकाका

मान्य, पण मग प्रायरवर लादलेल्या ओझ्याचं काय? २००३ च्या सप्टेंबरात बावीस-तेवीस वर्षांच्या पोराला एकेका सामन्यात सव्वाशेच्या वर चेंडू टाकायला लावले, तेही पुन्हा पुन्हा. ॲक्शन बिक्शन सोडा, बैलसुद्धा बसला असता.

आकडेमोड

काका, ओझं होतंच. पण त्याच मोसमात तो बेसवर धावताना दुसऱ्या खेळाडूवर आदळून खांद्यावर पडला होता, आणि २००५ मध्ये फलंदाजाने मारलेला चेंडू थेट त्याच्या कोपरावर बसला, हाड मोडलं. यातलं नक्की काय नडलं हे कोण सांगणार? ॲक्शन, ओझं, की कपाळ?

शिकागोचा_सदूकाका

कपाळ आमचं. कब्जचं. (हलके घ्या.)

जाता जाता, तात्या, तुम्हाला हे माहीत आहे का की प्रायर आता डॉजर्सचा पिचिंग कोच आहे? म्हणजे तुमच्या ग्लासनाउचा रोजचा मास्तर. ज्याची ॲक्शन निर्दोष म्हणत होते तोच माणूस आज दुसऱ्यांचे हात सांभाळतोय. त्याला किमान एवढं तरी कळत असेल की ‘निर्दोष’ या शब्दावर विश्वास ठेवू नये.

फिजिओ_बॉस्टन

आकडेमोड, हस्तरेषा म्हणालात ते थोडं झोंबलं. टीव्हीवर एक फ्रेम थांबवून ‘हा बघा डब्ल्यू’ म्हणणं ही हस्तरेषाच, कबूल. पण ॲक्शनमध्ये बघण्यासारखं असतं ते चित्र नव्हे, वेळ. पाय टेकताना हात कुठवर आलाय, कंबर आणि खांदे यांच्यात किती अंतर पडतंय, आणि सर्वांत महत्त्वाचं, पाचव्या इनिंगला हे सगळं पहिल्या इनिंगसारखंच आहे का. मी पेशंटला विचारते ते हेच: तुझा हात चेंडू सोडताना खाली येऊ लागलाय का? स्लायडर (शेवटी वळणारा वेगवान चेंडू) पूर्वीसारखा पडत नाही का? एकदम वेग उतरला, दिशा हरवली, की आत काहीतरी चाललंय. कुरूप ॲक्शन वर्षानुवर्षं तशीच असेल तर मी निवांत असते. सुंदर ॲक्शन अचानक बदलली तर झोप उडते.

ग्लासनाउसारख्या उंच माणसाला ती ॲक्शन दर वेळी तशीच्या तशी करणं अवघडच. लांब काठी हलवायला जास्त सांभाळावी लागते.

विमावाली_हार्टफर्ड

मी विमा कंपनीत जोखमीचा भाव ठरवते, म्हणून न राहवून लिहितेय. तुम्ही सगळे ‘मोडेल का’ हे विचारताय. आमच्याकडे तो प्रश्न पहिल्या दिवशीच संपतो. घर जळेल का? जळू शकतं. पुढे बोला. हप्ता किती, आणि जळलं तर राहायचं कुठे?

ब्रेडी एकनची गोष्ट घ्या. २०१४ मध्ये ह्यूस्टनने त्याला देशात पहिल्या क्रमांकावर निवडलं. ६५ लाख डॉलरचं ठरलं. मग वैद्यकीय तपासणीत कोपराच्या लिगामेंटमध्ये काहीतरी दिसलं आणि टीमने आकडा खाली आणला. पोराने सही केली नाही. सगळ्यांनी ह्यूस्टनला कंजूष म्हणून झोडपलं. पुढच्या मार्चमध्ये एकनची टॉमी जॉन. मोठ्या लीगपर्यंत तो कधी पोचलाच नाही. आणि सही न झाल्याची भरपाई म्हणून ह्यूस्टनला २०१५ मध्ये दुसऱ्या क्रमांकाची निवड मिळाली, त्यात त्यांनी घेतला ॲलेक्स ब्रेगमन. एमआरआय जिंकला.

आता उलट. १९९६ मध्ये टेक्सासने आर. ए. डिकीला ८ लाख १० हजार डॉलर देऊ केले होते. त्यांच्या वैद्यकीय मंडळींना एका मासिकावरच्या फोटोत डिकीचा हात विचित्र लोंबलेला दिसला. तपासलं तर कोपरात ते लिगामेंटच नाही! आकडा ७५ हजारांवर आला. तोच डिकी पुढे नकलबॉल (जवळजवळ न फिरता डुलत जाणारा संथ चेंडू) शिकला आणि २०१२ मध्ये मेट्सकडून साय यंग जिंकला. जे नाहीच ते फाटणार कुठून?

म्हणजे तपासणी खरी बोलते, पण भविष्य सांगत नाही.

आणि तपासणी लपवली तर? २०१६ मध्ये सॅन डिएगोने कॉलिन रिया नावाचा पिचर मायामीला दिला. पहिल्याच सामन्यात चौथ्या इनिंगला कोपर धरून तो बाहेर. दोन दिवसांत मायामीने त्याला परत पाठवला आणि बदल्यात दिलेला एक पोरगा मागून घेतला. तो पोरगा म्हणजे लुईस कॅस्टिलो, पुढे सिनसिनाटीत जाऊन मोठा झाला. त्याच उन्हाळ्यात बॉस्टनबरोबरच्या सौद्यात वैद्यकीय माहिती पूर्ण दिली नाही म्हणून लीगने सॅन डिएगोच्या जनरल मॅनेजरला तीस दिवस निलंबित केलं. मजा म्हणजे बॉस्टनने त्या सौद्यात दिलेला अँडरसन एस्पिनोझा हा तरुण पिचर, त्याचीच पुढे दोनदा टॉमी जॉन झाली.

माझं आवडतं उदाहरण मात्र जॉन लॅकी. बॉस्टनने २००९ च्या अखेरीस पाच वर्षांचा करार केला तेव्हा कोपराबद्दल शंका होती. त्यांनी नाही म्हटलं नाही. कलम घातलं: कोपरामुळे मोठा काळ बुडाला तर सहावं वर्ष किमान पगारावर. बुडालाच, २०१२ पूर्ण गेलं. आणि २०१५ मध्ये सेंट लुईसला तो पाच लाखांच्या आसपास डॉलरमध्ये मिळाला. याला म्हणतात हप्ता लावणं.

टेक्सासतात्या

विमावालीताई, हे भारी आहे. पण फॅन्टसीत मी कलम कसं घालू?

विमावाली_हार्टफर्ड

कलम नाही तर भाव कमी करा. आणि मुख्य म्हणजे बाक बघा. डॉजर्सना ग्लासनाउ परवडतो कारण तो बसला तर मागे चार जण उभे असतात. २०२४ ची वर्ल्ड सिरीज ते ग्लासनाउशिवायच जिंकले. तुमच्या टीममध्ये सुरुवात करणारे पिचर किती? शॉर्टस्टॉपला पर्याय कोण? तोच पिचर एकाला स्वस्त असतो, दुसऱ्याला महाग.

एडिसनची_आई

धाग्यात घुसते, राग मानू नका. माझा मुलगा बारा वर्षांचा, न्यू जर्सीत खेळतो. शाळेजवळची लीग आणि एक प्रवासी टीम, दोन्हीकडे पिचर. शनिवारी एका टीमसाठी ७० चेंडू, रविवारी दुसऱ्या टीमचा कोच म्हणतो, ‘फक्त दोन इनिंग.’ त्या कोचला शनिवारचं सांगितलं तर म्हणाला, मुलं रबरासारखी असतात. तुमचं वाचून पोटात गोळा आला. कर्व्हबॉल (वळून खाली पडणारा चेंडू) टाकू द्यावा की नाही?

फिजिओ_बॉस्टन

ताई, हा प्रश्न ग्लासनाउपेक्षा महत्त्वाचा आहे. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉलच्या मार्गदर्शक नियमांप्रमाणे ११-१२ वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त ८५ चेंडू, आणि ६६ किंवा त्याहून जास्त टाकले तर चार दिवस विश्रांती. शरीर एकच आहे, टीम दोन असल्या तरी मोजणी एकच. दोन्ही कोच ती ठेवणार नाहीत, तुम्ही वही ठेवा.

कर्व्हबॉलची भीती सगळ्यांना असते, पण थकल्यावर टाकत राहणं त्याहून वाईट. बर्मिंगहॅमच्याच एका अभ्यासात, हात दमलेला असताना नेहमी टाकणाऱ्या मुलांना ऑपरेशनची पाळी येण्याचा धोका ३६ पट आढळला. वर्षात आठ महिन्यांहून जास्त टाकणाऱ्यांना ५ पट. हिवाळ्यात त्याला बास्केटबॉल खेळू द्या, नाहीतर घरात लोळू द्या. आणि पिचिंग नसेल त्या दिवशी कॅचरही करू नका, त्यातही हात तितकाच चालतो.

आतल्या बाजूने कोपर दुखतं असं म्हणाला तर बर्फ लावून पुढचा सामना नाही. आधी डॉक्टर.

एडिसनची_आई

वही आजच घेतली. तो चिडलाय. रविवारी फर्स्ट बेसवर उभा राहणार म्हणून.

गुगलीवाला

पॉपकॉर्न संपले. तात्या, सौद्याचं काय झालं ते सांगा.

टेक्सासतात्या

मोजलं. माझ्याकडे सुरुवात करणारे भरवशाचे पिचर सहा, शॉर्टस्टॉप एकच, त्यामागे कोणी नाही. म्हणजे ग्लासनाउ बसला तरी मी बुडत नाही, पण शॉर्टस्टॉप दिला तर मात्र बुडतो. विमावालीताईंनी हे तीन ओळींत सांगितलं आणि मी तीन दिवस ॲक्शनचे व्हिडिओ स्लो मोशनमध्ये बघत बसलो होतो. बायको विचारत होती, हा माणूस कोण, सारखा मागेच का वाकतोय.

मित्राला उलटा प्रस्ताव दिला: शॉर्टस्टॉप नाही, माझा सेकंड बेसमन घे. इनिंगचा हिशेब मी १३० चाच धरलाय, १८० चा नाही, आणि भाव त्याच हिशेबाने. तो आधी खूप हसला. मग म्हणाला, बघतो.

काल रात्री त्याचा मेसेज आला. सौदा मंजूर, पण ‘वैद्यकीय तपासणी’ बाकी आहे. माझ्या सेकंड बेसमनला गेल्या जुलैत मांडीचा स्नायू धरला होता म्हणे, आणि तेव्हापासून तो बेस चोरायला पळत नाही. मला हे माहीतच नव्हतं. आता मी त्याचे व्हिडिओ बघतोय.